‘फ्रीक शो’ला मराठीत काय म्हणायचं?

शब्दवेडी: जोसेफ मेरिकवरचा एक लेख मराठीत आणतेय. शरीर विरूप झालेला हा इंग्रज ‘एलिफंट मॅन’ म्हणून ओळखला जायचा. ‘फ्रीक शो’साठी ‘विचित्र माणसांचा तमाशा’ लिहिलं होतं. संपादकांनी ‘तमाशा’ खोडला. म्हणाले, ती कला आहे, तिला बट्टा नको. मग काय लिहू?

जुनीवही: मला नाही पटलं. तमाशा अरबी-फारसीतून आला. बघत हिंडणं हा अर्थ आधीचा, ढोलकी नंतरची. दारात भांडण लागलं की आजी म्हणायची, ‘काय तमाशा मांडलाय!’ 1884 साली लंडनच्या व्हाइटचॅपल रोडवरच्या दुकानात पैसे घेऊन मेरिकला दाखवायचे, तो तमाशाच.

पिंपळपान: माझा आक्षेप ‘विचित्र’ला आहे. 1899 साली लंडनमध्ये बार्नम अँड बेली सर्कशीतल्या या कलाकारांनीच ‘फ्रीक’ नको, ‘प्रॉडिजी’ म्हणजे अद्भुत माणूस म्हणा, असं जाहीर केलं. त्यात जाहिरातीचा भाग असेलही, पण शब्द सलत होता हे खरं. ‘नवलमाणसं’ कसं वाटतं?

कोरडवाहू: फार गोड वाटतं. अंगभर केस असल्याने शोमध्ये दाखवली जाणारी मेक्सिकोची ज्युलिया पास्त्राना 1860 मध्ये मॉस्कोत बाळंतपणानंतर गेली. नवऱ्याने तिचा आणि बाळाचा देह टिकवून गावोगाव दाखवला. तिला मेक्सिकोत माती मिळाली ती 2013 साली. याला नवल म्हणायचं? सरळ ‘व्यंगबाजार’ लिहा.

पिंपळपान: बाजार म्हटलं की माणूस माल झाला. मेरिक लेस्टरच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणाऱ्या सरकारी आश्रयघरात, चारेक वर्षं काढून आपणहून या धंद्यात आला. पन्नासेक पौंड गाठीला बांधले होते, ते बेल्जियममध्ये मॅनेजरने लुबाडले. तो कमावता माणूस होता, हे शब्दात दिसायला हवं.

माळावरचा: आमच्या जत्रेत पाच पायांची गाय यायची. पाचवा पाय खांद्यावर लोंबायचा, त्यावर झूल. बायका हळदकुंकू लावायच्या. सगळे म्हणायचे, ‘खेळ आलाय.’ सर्कशीचाही खेळच, सिनेमाचाही खेळच. असा रुळलेला शब्द सोडून नवे कशाला पाडायचे?

कोरडवाहू: गाईपुढे लोक हात जोडत होते. मेरिकला बघून किंचाळायचे.

माळावरचा: म्हणून खेळाचं नाव बदलतं का?

जुनीवही: शब्दवेडी, वर्कहाउसला काय लिहिलंत? ‘अनाथाश्रम’ नका लिहू, तिथे धडधाकट माणसांनाही राबवून घ्यायचे.

शब्दवेडी: ‘कामघर’ लिहिलंय.

पिंपळपान: ‘कामघर’ कारखान्यासारखं वाटतं. ‘दरिद्रालय’?

कोरडवाहू: दरिद्रालय कोण बोलतं? ‘वर्कहाउस’च ठेवा.