पुन्हा: पुन्हा: ठाणे – पाळणाघर घेत नाहीये, चिठ्ठीचा मसुदा कुणाकडे आहे?

मंडळी, सोमवारपासून ऑफिस आहे आणि पाळणाघराच्या ताई लेकाला घ्यायला तयार नाहीत. हात-पाय-तोंडाचा आजार झाला होता. ताप गुरुवारी उतरला, नंतर औषध दिलेलं नाही. जेवतोय. तळपायावर खपल्या तेवढ्या आहेत. डॉक्टर म्हणतात पाठवा. ताई म्हणतात, कातडी स्वच्छ दिसेपर्यंत नको, बाकीचे पालक ओरडतात. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिच्यावर टाकता येत नाही. मागच्या पावसाळ्यात, मूल पाळणाघरात पाठवायला हरकत नाही अशा डॉक्टरांच्या चिठ्ठीचा मसुदा इथे फिरला होता, तो आज रात्रीपर्यंत हवाय.
– मानपाड्याहून

---

मसुदा माझाच, जोडलाय. सही मात्र तुमच्या डॉक्टरांची घ्या, मी बाळाला तपासलेलं नाही.

खपल्यांवरून अडवू नये. हा विषाणू शौचातून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, तेवढे दिवस कोण घरी ठेवणार? औषधाशिवाय २४ तास ताप नाही, लाळ गळत नाही, खातोय-पितोय, खेळतोय, एवढं पुरे. ताईंना वेगळंच विचारा: लंगोट बदलल्यावर हात साबणाने धुता की सॅनिटायझर लावता? सॅनिटायझर इथे फारसं चालत नाही.
– नेरूळ, बालरोगवाली वहिनी

---

वहिनी, सॅनिटायझरचं पटलं नाही. कोविडमध्ये दोन वर्षं तेच वापरलं ना आपण? इथल्या डेकेअरमध्ये दाराशीच बाटली असते.
– एडिसन, अमेरिका

---

कोविडच्या विषाणूला चरबीचं आवरण असतं, ते अल्कोहोलने फुटतं. याला ते आवरणच नाही. साबण आणि वाहतं पाणी.
– नेरूळ

---

चिठ्ठीवर सगळे बोलताय, मला आमचं आठवलं. लेक ११ महिन्यांची, ९ किलो. दुपारी ताप आला तर पाळणाघराने फोन न करता पॅरासिटामॉल पाजलं. घरच्या बाटलीत ५ मिलीला १२० मिग्रॅ, त्यांच्याकडची २५०ची. चमचा तोच, औषध दुपटीहून जास्त! संध्याकाळी अंग गार, म्हणून आम्ही निर्धास्त. रात्री पोट बघितलं तर बरगड्यांखाली आत ओढलं जात होतं, श्वास मिनिटाला ५६. न्यूमोनिया निघाला, चार दिवस दवाखान्यात काढले. दुपारीच कळलं असतं तर आम्ही श्वास तेव्हाच मोजला असता. मला अजून राग येतो. चिठ्ठीपेक्षा वही मागा: किती वाजता, ताप किती, कोणतं औषध, किती मिली, शू कधी झाली.
– खारघर

---

औषधांची चर्चा आरोग्य समितीकडून यावी असं ठरलेलं आहे. ही ईमेल-यादी कार्यक्रमांसाठी आहे.
– सचिव

---

सचिव, समितीत मीच आहे, आणि खारघरचं म्हणणं सगळ्यांनी वाचायला हवं. दोन महिन्यांपुढचं, वर्षाच्या आतलं बाळ शांत असताना श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त, तर थांबू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप म्हणजे लगेच डॉक्टर, घरी औषध पाजून वाट बघायची नाही. रात्री वाहन नसेल तर १०८.
– नेरूळ

---

वहिनी, सही मिळाली. ताई मंगळवारपासून घेतो म्हणाल्या. टॉवेल आणि कप वेगळा द्यायचाय. वही मी आणून दिली, पहिलं पान आखून. औषधाची बाटली घरचीच पाठवणार, वर वजन आणि मिली लिहून. सोमवार अजून अडलाय. कापूरबावडी-मानपाडा भागात दहा ते पाच कुणी घरी आहे का?
– मानपाड्याहून