केंब्रिजच्या रोइंग क्लबचं एवढं काय कौतुक? आणि मुंबईत का नाही?

मुलुंडची_मावशी:
भाची यंदा केंब्रिजला मास्टर्सला गेलीय. इथे हाका मारमारून उठवायला लागायची ती तिकडे पहाटे अंधारात नदीवर वल्ही मारायला जाते आणि फोनवर दुसरा विषय नाही. कॉलेजचा क्लब वेगळा, युनिव्हर्सिटीचा वेगळा, आणि परवा काय तर म्हणे पुढच्या बोटीला मागून ठोकलं म्हणून पार्टी! मला काही टोटल लागत नाहीये. हे सुरू कसं झालं कुणी सांगेल का? आणि एवढा समुद्र दारात असून आपल्या पोरांना हे वेड कसं नाही?

जुना_चोपडा:
मावशी, ठोकणं हाच तिकडचा खेळ आहे :) कॅम नदी इतकी अरुंद की दोन बोटी शेजारी शेजारी रेस लावूच शकत नाहीत, मग एकामागे एक उभ्या करतात, मध्ये साधारण दीड बोटीचं अंतर, तोफ वाजली की पुढचीला गाठून धडकायचं. धडकलात की दुसऱ्या दिवशी तिची जागा तुमची, आणि वर्ष संपलं तिथूनच पुढच्या वर्षी सुरुवात, म्हणजे आज मुलं ज्या नंबरावर उभी राहतात तो त्यांच्या आधीच्या कित्येक बॅचेसनी कमावलेला किंवा घालवलेला असतो. त्यातल्या एका स्पर्धेचं नाव मे बम्प्स आणि होते जूनमध्ये, विचारू नका.

ही झाली कॉलेजांची आपापसातली मारामारी. युनिव्हर्सिटीचा क्लब १८२८चा. हॅरो शाळेतले दोन दोस्त, चार्ल्स मेरिव्हेल केंब्रिजला आणि चार्ल्स वर्ड्सवर्थ (कवी वर्ड्सवर्थचा पुतण्या) ऑक्सफर्डला, त्यांच्या डोक्यातून रेस निघाली, मार्च १८२९ मध्ये केंब्रिजने रीतसर चॅलेंज पाठवलं आणि १० जूनला हेन्लीला हरले पण. केंब्रिजचा ओळखीचा फिकट निळा रंग नंतरचा, १८३६च्या रेसच्या आधी घाईघाईत आणलेली रिबन बोटीला बांधली तो. १९१२ला तर दोन्ही बोटी बुडाल्या, रेस परत घ्यावी लागली. बायकांची रेस १९२७ पासून आहे पण पुरुषांच्याच दिवशी थेम्स नदीच्या त्याच पट्ट्यावर यायला २०१५ उजाडलं, आणि केंब्रिजचे बायका-पुरुषांचे क्लब एक व्हायला २०२०. याबद्दल मात्र तिकडचे लोक फारसं अभिमानाने बोलत नाहीत.

खाडीकाठचा:
मुंबईचं उत्तर सोपं आहे, समुद्र आहे म्हणूनच नाही. रेसिंगची बोट हातभर-दीड हात रुंद, जरा लाट आली की पाणी आत. त्यात आपली भरती-ओहोटी, ओहोटीला ठाण्याच्या खाडीत नुसता चिखल.

जुना_चोपडा:
@खाडीकाठचा भरतीचं कारण पटत नाही. थेम्सला पण भरती असते, ऑक्सफर्ड-केंब्रिज रेस आता लंडनमध्ये पुटनी ते मॉर्टलेक मुद्दाम चढत्या भरतीवर ठेवतात, म्हणून तर वेळ दरवर्षी वेगळी. लाटांचं मान्य.

मुळाकाठ:
अहो पुण्यात या ना! सीओईपीचा (इंजिनिअरिंग कॉलेजचा) बोट क्लब १९२८चा, म्हणजे केंब्रिजच्या बरोब्बर शंभर वर्षांनी. रेगाटाला संध्याकाळी काठावर अख्खं पुणं लोटतं आणि अंधार पडला की नदीत मशाली. रोजची प्रॅक्टिस मात्र एवढी रोमँटिक नाही. पहिले काही आठवडे तळहाताला फोड, ते फुटतात, त्यावरच परत वल्हं धरायचं, मग घट्टे पडतात. वर जलपर्णी आली की वल्ह्याचं पातं त्यात अडकतं आणि बोट गर्रकन आडवी.

आणि समुद्राचं काय घेऊन बसलात, दत्तू भोकनळ चांदवडकडच्या दुष्काळी गावातला, आर्मीत गेल्यावर वल्हं हातात घेतलं, २०१६ला रिओ ऑलिम्पिक आणि २०१८ला एशियन गेम्सचं गोल्ड (चौघांच्या बोटीत).

मुलुंडची_मावशी:
बापरे, एवढं सगळं! भाचीला फोटो पाठव म्हटलं तर आधी तळहाताचाच आलाय. ताईला दाखवला नाहीये अजून. @मुळाकाठ फोडांवर खोबरेल लावलेलं चालतं का?

मुळाकाठ:
रात्री लावा, सकाळी बोटीवर जायच्या आधी अजिबात नको, वल्हं सटकतं हातातून.