अनुभव धागा : पुलियात कुठे कुठे फिरलात?

इटलीच्या बुटाची टाच आणि तिच्या वरचा लांबट पट्टा म्हणजे पुलिया. एका अंगाला आड्रियाटिक, दुसऱ्या अंगाला आयोनियन समुद्र, मधे लाल माती, ऑलिव्हच्या बागा आणि जिकडेतिकडे चुनखडीचा दगड. आपल्याकडचे बहुतेक लोक रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिस करून परततात. ज्यांनी हा दक्षिणेकडचा किनारा पाहिलाय त्यांनी सविस्तर लिहावं, ही विनंती. "छान आहे, जरूर जा" एवढ्यावर सोडू नका. कुठे राहिलात, काय खाल्लंत, कशाने फिरलात आणि कशापाशी पाय थबकले, ते सांगा.

सुरुवात बारीपासून मी करते. विमानतळ इथेच असल्यामुळे लोक बारीत उतरतात आणि लगेच पुढे पळतात. निदान एक मुक्काम करा. जुन्या शहरात आर्को बास्सोच्या गल्लीत बायका दारासमोर टेबल मांडून ओरेक्किएत्ते पास्ता वळत असतात. रव्याचं आणि पाण्याचं घट्ट पीठ, त्याची बोटभर जाड वळी, सुरीने कापलेला तुकडा. तो पात्याने लाकडी पाटावर दाबत ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा, की झाली इवलीशी खोलगट वाटी. हात इतका भरभर चालतो की नेमकं काय घडलं ते कळायला चार-पाच वेळा बघावं लागतं. जाळीच्या चौकटींवर हा पास्ता वाळत घातलेला असतो, तिथेच विकतही मिळतो. पुढे पाच मिनिटांवर सान निकोलाचं चर्च. 1087 साली बारीच्या खलाशांनी आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावाहून संत निकोलसच्या अस्थी इथे आणल्या. तळघरातल्या समाधीपाशी डोक्याला रुमाल बांधलेल्या रशियन बायका गुडघे टेकून प्रार्थना करत होत्या. कॅथलिक चर्चमध्ये ऑर्थोडॉक्स भाविकांची ही गर्दी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

आइंडहोवनहून

शाकाहारी लोकांसाठी लिहिते. माझे आई-बाबा अंडंही खात नाहीत, त्यामुळे निघताना धाकधूक होती. पण हा गरिबीतून घडलेला स्वयंपाक आहे. मांस रोज परवडत नसे, म्हणून कडधान्यं, रानभाज्या, पाव आणि ऑलिव्हचं तेल यांवरच सगळी मदार. फावा नावाच्या कडधान्याची सोललेली डाळ मऊ शिजवून घोटतात आणि शेजारी चिकोरीचा कडसर पाला वाढतात, वरून कच्च्या तेलाची धार. आईने हा पदार्थ तीन गावांत मागवला. बारीचा फोकाच्चा, म्हणजे भट्टीत भाजलेला चपटा पाव, टोमॅटो आणि ऑलिव्ह घालून, तळाला कुरकुरीत. पीठ मऊ व्हावं म्हणून त्यात बरेचजण उकडलेला बटाटा घालतात.

दोन गोष्टींची काळजी घ्या. 'चिमे दी रापा' या पालेभाजीबरोबरच्या ओरेक्किएत्तेत बहुधा आच्चुगे, म्हणजे खारवलेले बारीक मासे, विरघळवलेले असतात. दिसत नाहीत, म्हणून आधीच "सेन्त्सा आच्चुगे" सांगावं. दुसरं, तिथल्या पुष्कळशा चीजमध्ये प्राण्यांपासून काढलेलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, असतं. कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या. आल्तामुराचा पाव मात्र बिनधास्त खा. डुरम गव्हाच्या पिवळसर पिठाचा, जाड सालीचा, चार दिवस टिकणारा.

ठाण्याहून, आर्किटेक्ट

आल्बेरोबेल्लोबद्दल. शंकूच्या छपराची ट्रुल्ली घरं फोटोत सगळ्यांनी पाहिलेली असतात. 1996 पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. मला ओढ होती ती बांधणीची. सांध्यांत चुना न वापरता नुसता दगडावर दगड बसवत, प्रत्येक थर किंचित आत सरकवत छप्पर वर मिटवत नेलंय. भिंती इतक्या जाड की बाहेर रणरणतं ऊन असताना आत गारवा. असं सांगतात की नव्या वस्तीवरचा राजाचा कर चुकवायला कोन्व्हेर्सानोच्या सरंजामदाराने लोकांना चुना वापरू दिला नाही. तपासनीस येणार असं कळलं की छपरं उतरवता यावीत म्हणून. 1797 साली गाव सरंजामदाराच्या ताब्यातून सुटलं.

दिवसा मोंती भागात दुकानंच दुकानं आणि बसगाड्यांनी आलेले जथे असतात. तिथे रेंगाळू नका. रस्ता ओलांडून आया पिक्कोलाकडे जा. तिथे अजून माणसं राहतात, दोरीवर कपडे वाळत असतात. मुक्काम जवळच्या लोकोरोतोंदोला किंवा चिस्तेर्निनोला करावा, असं माझं ठाम मत आहे.

सांगोल्याहून

आमची डाळिंबाची बाग तेल्या रोगाने गेली, तेव्हापासून झाडांच्या रोगाबद्दल जे मिळेल ते वाचतो. मुलगी मिलानला नोकरी करते, तिच्याबरोबर पुलियाला गेलो तो समुद्रासाठी नव्हे, ऑलिव्ह बघायला. ओस्तुनी आणि फासानोच्या मधल्या सपाट पट्ट्यात शेकडो वर्षांची झाडं आहेत. खोड पिळवटलेलं, मधून पोकळ, एकेका झाडात माणूस उभा राहील. अशा झाडांच्या रक्षणासाठी तिथल्या प्रांताने 2007 मध्ये वेगळा कायदाही केला.

मग दक्षिणेला गाल्लिपोलीकडे गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राखाडी, सुकलेली झाडं, संपता संपेनात. 2013 मध्ये याच भागात झायलेल्ला नावाचा जिवाणू सापडला. एक बारीक किडा रस शोषताना तो झाडाझाडांत पसरवतो. जिवाणू खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवतो आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. औषध नाही. लाखो झाडं गेली. आता 'लेच्चीनो' आणि 'फावोलोझा' या तग धरणाऱ्या जाती लावतात. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हाला त्याची नवी रोपं दाखवली. मुलगी दुभाषी होती. माझं डाळिंबाचं ऐकल्यावर त्याने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. आतून तेलाची बाटली आणून दिली, पैसे घेईना.

गाल्लिपोलीत जमिनीखाली खडकात कोरलेले जुने तेलघाणे बघायला मिळतात. इथलं तेल पूर्वी जहाजांतून युरोपभर जायचं, ते खायला कमी आणि दिवे जाळायला जास्त. तुमच्यापैकी कुणी शेतकरी असाल तर हे बघाच.

बंगळूरहून

काका, तुमचं वाचून फार बरं वाटलं. आम्ही त्याच रस्त्याने गेलो होतो, पण ती झाडं कशाने वाळली हे कुणाला विचारलं नव्हतं.

मी ओत्रान्तोबद्दल लिहिते. इटलीच्या अगदी पूर्वेकडचं हे बंदर. किल्ला आणि निळंशार पाणी आहेच, पण पहिल्यांदा कॅथेड्रलमध्ये जा आणि मान खाली घाला. पान्तालेओने नावाच्या साधूने 1163 ते 1165 या काळात अख्ख्या जमिनीवर मोझेक रचून घेतलं. दारापासून वेदीकडे एक प्रचंड झाड वाढत जातं आणि ते झाड उभं आहे दोन हत्तींच्या पाठीवर! कलाकाराने हत्ती कधी पाहिला असेल का, अशी शंका येते, पण सोंडा झोकात आहेत. फांद्यांमध्ये नोहाची नौका, बाबेलचा मनोरा, पंखवाल्या प्राण्यांच्या आधाराने आकाशात निघालेला सिकंदर, शिंगवाल्या जनावरावर स्वार झालेला राजा आर्थर. आणि बारा महिन्यांची बारा वर्तुळं. प्रत्येकात त्या महिन्याची रास आणि त्या महिन्यातलं शेतीकाम, कुठे गव्हाची कापणी तर कुठे द्राक्षं तुडवणारा माणूस. साडेआठशे वर्षांपूर्वीचं अख्खं ज्ञान एका माणसाने पायाखाली मांडून ठेवलंय. मी तास-दीड तास वाकून बघत होते.

उजव्या हाताच्या प्रार्थनागृहात काचेच्या मोठ्या कपाटांतून कवट्या रचलेल्या आहेत. 1480 मध्ये ऑटोमन फौजेने शहर घेतलं आणि धर्म बदलायला नकार देणाऱ्या सुमारे 800 जणांची डोकी उडवली, असा तिथला इतिहास. 2013 मध्ये पोपनी त्यांना संतपद दिलं. लहान मुलं बरोबर असतील तर आधी कल्पना द्या. गावाबाहेर बॉक्साइटची बंद पडलेली खाण आहे. लालभडक माती आणि तळाला साचलेलं हिरवं पाणी. संध्याकाळच्या उन्हात जा.

पेणहून

लेच्चे शहरात सगळे सांता क्रोचे चर्चचं कोरीवकाम बघतात. तिथला मऊ, मधाच्या रंगाचा दगड आहेच तसा. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गणपतीचं काम, त्यामुळे मी मात्र गल्लीतल्या कागदी मूर्तींच्या कारखान्यांत रमलो. 'कार्तापेस्ता' म्हणतात. तारेच्या सांगाड्यावर गवताचा पेंढा बांधून अंग भरतात आणि त्यावर खळ लावलेले कागदाचे थर. वस्त्राच्या चुण्या ओल्या कागदातच पाडतात. वाळल्यावर तापवलेल्या लोखंडी सळ्यांनी पृष्ठभाग भाजून घोटतात, मग रंग. आपण कागदी लगद्याची मूर्ती साच्यातून काढतो. इथे पदर अन् पदर हाताने बसवलेला. दगडाच्या किंवा लाकडाच्या मूर्तीपेक्षा ही हलकी, म्हणून मिरवणुकीत खांद्यावर न्यायला सोयीची. कारागिराने मला एक सळी हातात धरून बघू दिली. असा मान आपल्या मूर्तिशाळेतही मिळत नाही.

साताऱ्याहून

तारान्तोचं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून लिहितो. सप्टेंबर 1943 मध्ये आठवी भारतीय डिव्हिजन याच बंदरात उतरली आणि तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. इथून ते किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला लढत गेले. याच बटालियनच्या नामदेव जाधवांना एप्रिल 1945 मधल्या सेनियो नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माझे आजोबा त्या लढाईत होते. बंदराच्या धक्क्यावर मराठी माणसाला हे सांगणारी एखादी पाटी मला तरी दिसली नाही. पुढे आब्रुत्सो प्रांतात सांग्रो नदीजवळच्या युद्धस्मशानात भारतीय जवानांचं दहनस्मारक आहे, तिथे जाऊन फुलं वाहिली. तारान्तोत थांबलात तर पुराणवस्तुसंग्रहालयातले प्राचीन ग्रीक सोन्याचे दागिने चुकवू नका.

म्युनिकहून

प्रवासाचं थोडं. बारी ते लेच्चे या मुख्य रेल्वेमार्गावर पोलिन्यानो, मोनोपोली, ओस्तुनी सगळं येतं. फक्त ओस्तुनीचं स्टेशन गावापासून लांब, खाली आहे. आल्बेरोबेल्लोकडच्या छोट्या मार्गावर रविवारी सेवा तुरळक, त्या दिवशी बेत आखू नका. दुपारी एक ते चार-पाच गावं बंद असतात. ऑगस्ट टाळा, मे-जून किंवा सप्टेंबर उत्तम.

उत्तरेकडच्या गार्गानो द्वीपकल्पाला मात्र गाडी हवीच. मोंते सांत'आंजेलोच्या गुहेत पायऱ्या उतरून जाताना जुन्या यात्रेकरूंनी दगडावर कोरलेले हातांचे पंजे शोधा. फोरेस्ता उंब्रात बीच वृक्षांचं दाट जंगल आहे, पाऱ्यात चांगला फरक पडतो, अंगावर काहीतरी ठेवा. व्हिएस्ते ते पेस्कीची या रस्त्यावर जुने 'त्राबुक्को' दिसतात: खडकावर रोवलेला लाकडी मचाण, समुद्रावर झेपावणारे लांब वासे आणि कप्प्यांनी सोडायचं जाळं. काहींमध्ये आता खाणावळी आहेत. पेस्कीचीजवळच्या एका त्राबुक्कोत आम्ही जेवलो, मासा जाळ्यातला होता. टेबल आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं.