माळ्यावर वूडू २ सापडलं! हे बनवणारे बुडाले आणि एनव्हिडिया एवढी मोठी कशी काय झाली?

चकलीचा_सोऱ्या
दिवाळीची साफसफाई काढलीये, माळ्यावरून काकाचा जुना कॉम्प्युटर खाली उतरवला, आई म्हणे आत विटा भरल्यात का. उघडला तर दोन दोन ग्राफिक्स कार्डं! एक साधंच आहे, दुसऱ्यावर थ्रीडीएफएक्स लिहिलंय, तीन मोठ्या चिपा, आणि मागे एक वीतभर केबल लोंबत होती ती एका कार्डातून निघून दुसऱ्यात जात होती. काकाला फोन केला तर तो एकदम भावुक, म्हणे अरे ते वूडू २ आहे, ९८ साली याच्यापुढे एनव्हिडियाला कुत्रं विचारत नव्हतं.

आता माझा जन्म २००३ चा, मी थ्रीडीएफएक्स हे नावच पहिल्यांदा ऐकलं. मग गेली कुठे ही कंपनी? आणि एनव्हिडियाचं नशीब फळफळलं की खरंच काही वेगळं केलं त्यांनी? जाणकारांनी सांगा, काका फक्त उसासे टाकतोय.

सोल्डरभाऊ
भावा पहिले ते कार्ड नीट पुसून ठेव, ओल्या फडक्याने नको.

ती केबल अशासाठी की वूडू २ फक्त थ्रीडीचं काम करायचं, साधा डेस्कटॉप दाखवायला दुसरं कार्ड लागायचंच, म्हणून साध्या कार्डाचा सिग्नल त्या केबलने वूडूत आणि तिथून मॉनिटरला. गेम चालू केला की वूडू ताबा घ्यायचं, आणि काही कार्डांत तेव्हा टक् करून आवाज यायचा. तो टक् आवाज काय सांगू तुला.

काका थोडा वाढवून सांगतोय, पण भावना पोचल्या. १९९३ ला जेन्सन ह्वांग, ख्रिस मालाखोव्स्की आणि कर्टिस प्रीम यांनी एनव्हिडिया काढली, आणि ९५ चं त्यांचं पहिलं कार्ड एनव्ही१ सपशेल आपटलं. कारण बाकी जग त्रिकोण जोडून थ्रीडी काढत होतं आणि हे वक्र पृष्ठभाग घेऊन बसले, तेवढ्यात मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टथ्रीडी (गेम आणि ग्राफिक्स कार्ड जोडणारं सॉफ्टवेअर) आलं तेही त्रिकोणवालंच. सेगाच्या कन्सोलसाठी चिप बनवत होते ते कामही हातचं गेलं, तरी सेगाने ५० लाख डॉलर दिले म्हणून जीव राहिला. निम्म्याहून जास्त लोक काढले. मग १९९७ ला रिव्हा १२८ आणलं, पैसे इतके संपत आले होते की नमुना चिप बनवून तपासत बसायला वेळच नव्हता, इम्युलेटरवर (चिपची नक्कल करणाऱ्या यंत्रावर) तपासली आणि थेट कारखान्यात पाठवली. चार महिन्यांत सुमारे १० लाख विकली गेली. याला नशीब म्हण हवं तर, पण जुगार खेळायलाही छाती लागते.

थ्रीडीएफएक्सने मात्र स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. तोवर ते चिप विकायचे आणि क्रिएटिव्ह, डायमंडसारखे लोक कार्डं बनवायचे. ९८ च्या शेवटी यांनी एसटीबी नावाची कार्ड बनवणारी कंपनी विकत घ्यायचं ठरवलं, मेक्सिकोत कारखान्यासकट, म्हणजे आता कार्डं आम्हीच बनवणार. झालं, कालपर्यंतची गिऱ्हाइकं रातोरात स्पर्धक झाली आणि चिप मागायला एनव्हिडियाच्या दारात गेली. एनव्हिडियाने कार्डांच्या धंद्यात हात न घालता दर सहा महिन्याला नवीन माल काढायचा सपाटा लावला. टीएनटी, टीएनटी२, ९९ मध्ये जीफोर्स २५६, ज्याच्यासोबत जीपीयू (म्हणजे ग्राफिक्सची चिप) हा शब्द त्यांनी घरोघरी पोचवला. वूडू ५ येईपर्यंत २००० साल उजाडलं. त्याच डिसेंबरात एनव्हिडियाने थ्रीडीएफएक्सचं जे काही होतं ते विकत घ्यायचा सौदा केला.

निवांत_नागपूरकर
सोल्डरभाऊ बाकी सगळं मान्य पण गोष्ट २००० ला संपवू नका ना. थ्रीडीएफएक्सला हरवून एनव्हिडिया गेमिंगमधली मोठी कंपनी झाली, आजच्यासारखी अवाढव्य नाही झाली. ते झालं कुडामुळे. २००६ ला कुडा आणलं, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर गेमशिवाय दुसरी गणितंही करा, आणि कित्येक वर्षं लोक म्हणत होते हा खर्च कशाला? गेमरच्या पैशांवर हे संशोधन चाललं होतं राव. मग २०१२ ला टोरांटो विद्यापीठाच्या पोरांनी एनव्हिडियाच्या दोन जीटीएक्स ५८० वर अ‍ॅलेक्सनेट नावाचं फोटो ओळखणारं एआय शिकवलं, गेमिंगचीच कार्डं बरं का, दुकानात मिळतात तीच, आणि फोटो ओळखायच्या स्पर्धेत बाकीच्यांची धुलाई केली. तिथून पुढे एआयवाल्यांना एनव्हिडियाचीच कार्डं हवी झाली, बाकी सगळ्यांना माहितीये.

एफपीएस_आजोबा
हो आणि आपण गेमर राहिलो उपाशी. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात कंपनीची विक्री १३० अब्ज डॉलर, त्यात गेमिंग ११ अब्जांच्या आसपास, म्हणजे ज्यांच्या जिवावर उभे राहिले ते आता जेवणातल्या लोणच्याएवढे. २०२१ ला मी लॅमिंग्टन रोडवर एकाला एनव्हिडियाच्या ३०६० कार्डाची किंमत विचारली तर आकडा ऐकून मी नुसता वडापाव खाऊन परत आलो.

सोल्डरभाऊ, एक राहिलं, ते भागीदार जपण्याचं कौतुक जरा हळू. २०२२ ला ईव्हीजीएसारखा जुना भागीदार एनव्हिडियाची कार्डं बनवणं सोडून गेला. आता स्वतःची फाउंडर्स एडिशन कार्डं पण विकतातच की.

सोल्डरभाऊ
@आजोबा ते खरंय. पण फरक बघा, थ्रीडीएफएक्सने हे केलं तेव्हा भागीदारांना जायला दुसरं दार उघडं होतं, आज दारं आहेत कुठे.

चकलीचा_सोऱ्या
जबरी माहिती, काकाला वाचून दाखवली, तो म्हणाला "कुत्रं विचारत नव्हतं" हे शब्द मागे घेतो.

आता खरा प्रॉब्लेम, मशीन चालू करून तो टक् ऐकायचाय पण ती वीतभर केबल बाबांनी सकाळीच रद्दीवाल्याला दिली 😭

सोल्डरभाऊ
रडू नको. साधी व्हीजीए केबल चालते, दोन्ही टोकांना पिनावाली बघ. फक्त मॉनिटर वूडूला जोड, साध्या कार्डाला नाही.