भंगारातली लष्करी पेटी: युद्धकाळातली की नंतरची?

देवगड_खाडी:
भंगारवाल्याकडे काडतुसांची लाकडी पेटी आहे. काथ्याच्या दोरीच्या मुठी, आत कल्हईच्या पत्र्याचं अस्तर. बाहेर पुसट ‘.३०३’ (काडतुसाचं इंचातलं माप) आणि बाणाच्या टोकासारखी खूण. दुसऱ्या महायुद्धातली असेल का? तो रंग घासून, स्वच्छ करून देतो म्हणतोय.

जुनी_पेटी:
घासू अजिबात देऊ नका! पेटीची खरी किंमत त्या पुसट अक्षरांत आहे. शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासलं की ती धूळ छातीत जाते.

बाणाचं टोक ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण. खाली ‘आय’ असेल तर हिंदुस्थान सरकारचा माल. ‘के.एफ.’ म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना, ‘डी.एफ.’ म्हणजे कोलकात्याजवळच्या दमदमचा. नुसत्या .३०३ वरून मात्र युद्धकाळ ठरत नाही, कारण ही काडतुसं आपल्याकडे १९४७ नंतरही कित्येक वर्षं बनत आणि वापरात होती. वर्षाचे आकडे शोधा, ४२, ४३ असे. अंधारात टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. पेट्या परत परत भरल्या जात, त्यामुळे वरच्या रंगाखालची जुनी अक्षरं अशा उजेडात उठून येतात. दोन वेगळी वर्षं दिसली तर लगेच नकली समजू नका: एक पेटी बनल्याचं, दुसरं माल भरल्याचं असू शकतं.

देवनागरी अक्षरं, ७.६२ चा आकडा (नंतरच्या काडतुसांचं मिलिमीटरमधलं माप) किंवा स्फोटकांचं नारिंगी चौकोनी लेबल असेल तर ती पेटी बहुधा युद्धानंतरही वापरलेली आहे.

रत्नागिरी_बंदर:
पैसे देण्याआधी अस्तराचे कोपरे बघा, पण हात न घालता. शेवयांसारख्या बारीक तपकिरी काड्या दिसल्या तर तो कॉर्डाइट, म्हणजे काडतुसातली दारू. झाडू नका, जाळू नका, लांब व्हा आणि ११२ ला कळवा. जिवंत काडतूस मिळालं तरी हेच. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय एकसुद्धा ठेवता येत नाही, आणि काडतुसाचे भागही त्या व्याख्येत येतात.

आणखी एक. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फुटलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजातली पेटी, असं सांगून कोणी भाव वाढवला तर कागद मागा. कागद नाही तर जादा पैसाही नाही.

देवगड_खाडी:
आत काही नाही, अस्तर कोरडं आहे. टॉर्चने ‘४३’ वाचता आलं. एका बाजूला बारीक भोकं आहेत, खाली पांढरट भुकटी.

जुनी_पेटी:
भुकटी ताजी असेल तर किडा अजून जिवंत आहे. एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा. ब्रशने फक्त आतून, अस्तर नसलेल्या उघड्या लाकडाला दोन हात द्या. रंगातून ते मुरत नाही, आणि अक्षरांवर पाणी नको. सावलीतच वाळवा, उन्हात फळ्या तडकतात. अस्तरामागे खारी ओल साचते आणि लाकूड तिकडूनच कुजतं. बोटाने ठोकून बघा, आवाज बद्द आला तर तिथे लाकूड गेलंय.

गंजलेल्या बिजागरीला रॉकेलचा बोळा रात्रभर लावा, पण ओघळ अक्षरांवर जाऊ देऊ नका, अक्षरं विरघळतात. पावसाळ्यात विटांवर, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. प्लास्टिकमध्ये गुंडाळली की बुरशी ठरलेली. बियाण्याचं भात किंवा सुकी मासळी तिच्यात कधीही नको.

काथ्याच्या दोरीवरून काही ठरवू नका, आपल्याकडे ती मागाहून सहज घातली जाते. मुठीच्या भोकाची कड बघा: मूळची दोरी जाड असेल तर तिथे घासून गुळगुळीत झालेली खोबण दिसेल, आणि काथ्या त्यात सैल बसलेला असेल.