राजकीय वक्तृत्व आणि समाजमाध्यमं: या विषयावर करिअर बेतावं का?

अर्धविराम
या विषयात पीएचडी करू का, असं विचारणारे विद्यार्थी हल्ली वाढलेत. माझं मत सांगतो, मग हाणा. वक्तृत्वाचा अभ्यास जरूर करा, पण समाजमाध्यमांच्या डेटावर अख्खी कारकीर्द बेतू नका. त्या डेटाची किल्ली कंपनीच्या खिशात असते. २०२३ मध्ये ट्विटरने मोफत एपीआय, म्हणजे डेटा थेट उतरवून घ्यायची वाट, बंद केला, संशोधकांसाठीची खास सोयही गेली. १४ ऑगस्ट २०२४ ला मेटाने, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीने, सार्वजनिक पोस्टचा माग काढायचं आपलं साधन क्राउडटँगल बंद केलं. ज्यांचे प्रबंध अर्ध्यावर होते त्यांनी काय करायचं?

उलट १९३३ मध्ये बँका का बंद ठेवल्या हे अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्टने रेडिओवरून लोकांना समजावलं, ते भाषण आजही कुणीही काढून वाचावं. बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद हे ॲरिस्टॉटलचं त्रिकूट त्याला लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

खडूफळा
साफ असहमत. भाषण वाचून वक्त्याने काय केलं ते कळतं. ऐकणाऱ्यांनी त्याचं काय केलं, ते कसं कळणार? २०१७ मध्ये ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी बंदूक नियंत्रण, समलिंगी विवाह आणि हवामानबदल या विषयांवरची पाच लाखांहून जास्त ट्विट्स तपासली. नैतिक संताप किंवा तत्सम भावनेचा एकेक शब्द वाढला की ट्विट पुढे पाठवलं जाण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना दिसलं. रूझवेल्टचं भाषण जन्मभर वाचलंत तरी असा आकडा हाती लागणार नाही.

अर्धविराम
त्या २० टक्क्यांचं पुढे काय झालं तेही सांगा की! २०२१ मध्ये बर्टन, क्रूझ आणि हान यांनी तीच पद्धत इतर ट्विट-संचांवर लावली, तर निकाल कुठे जुळले, कुठे नाही. गंमत म्हणून त्यांनी नैतिक शब्दांऐवजी ट्विटमधली एक्स, वाय आणि झेड ही अक्षरं मोजली. काही संचांत त्यांचाही 'परिणाम' निघाला! अक्षरांनी कुणाच्या भावना भडकतात, असं म्हणायचं का आता?

खडूफळा
आणि ही उणीव सापडली कशी? डेटा होता म्हणूनच ना! एखाद्या प्राध्यापकाने भाषणात 'भीतीचं आवाहन' आहे असं ठोकून दिलं, तर त्याला चूक ठरवायचं कशाच्या जोरावर? जास्तीत जास्त दुसरा प्राध्यापक दुसरा लेख लिहितो. तुमच्या शाखेत कुणी हरतच नाही, हीच तिची अडचण आहे.

उंबरठा
याच विषयावर प्रबंध लिहितेय, म्हणून थोडं आतलं. दिवसाचा बराच वेळ कोडिंगमध्ये जातो, म्हणजे पोस्ट वाचायची आणि ठरवायचं: ही टीका, ही धमकी, ही थट्टा. दोघांनी स्वतंत्रपणे ठरवायचं, मग दोघांचं किती जुळतं ते मोजायचं. उपरोध आला की सगळं फिसकटतं. "वा, काय थोर नेता!" ही स्तुती की टोमणा? आधीची चार उत्तरं, लिहिणाऱ्याचा नेहमीचा सूर, त्या दिवशीची बातमी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. यंत्रही इथेच गडबडतं. म्हणजे अर्धविराम म्हणतात ते बारीक वाचन आणि खडूफळा म्हणतात ती मोजणी, दोन्ही एकाच खुर्चीत बसून करावं लागतं.

नोकरीच्या वेळी मात्र संज्ञापन विभाग म्हणतो तुम्ही संगणकवाले, संगणक विभाग म्हणतो तुम्ही भाषावाले. आणि रोज द्वेषाच्या पोस्ट वाचून डोक्याचं काय होतं, ते कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं.

शंकासूर
मूळ दुखणं वेगळंच आहे. हे अभ्यासक ज्यांना मत देत नाहीत त्यांचीच भाषणं 'धोकादायक' म्हणून निवडतात. मग लोकांचा विश्वास उडतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची इंटरनेट ऑब्झर्व्हेटरी, समाजमाध्यमांवरच्या खोट्या माहितीचा अभ्यास करणारं केंद्र, २०२४ मध्ये जवळजवळ गुंडाळली गेली. खटले, संसदीय समितीची चौकशी, सगळं मागे लागलं होतं.

उंबरठा
चौकशी लागली म्हणजे काम पक्षपाती होतं हे सिद्ध होत नाही, पण नमुना निवडताना गडबड होते हे मान्य. तरी सगळे निष्कर्ष सोयीचे निघतात असं नाही. अमेरिकेतल्या २०२० च्या निवडणुकीवेळी मेटासोबत मोठे प्रयोग झाले, त्यांचे निबंध २०२३ मध्ये आले. अल्गोरिदमने निवडलेल्या पोस्टऐवजी सगळ्या पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवल्या, तरी तीन महिन्यांत ध्रुवीकरणात लक्षणीय फरक पडला नाही. अल्गोरिदमला शिव्या घालणाऱ्यांची पंचाईतच झाली.

अर्धविराम
आणि त्याच निवडणूककाळात कंपनीने नेहमीचा अल्गोरिदम तात्पुरता बदलला होता, हे इतर संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे तुलना नेमकी कशाशी झाली? किल्लीचं म्हणत होतो ते हेच.

खडूफळा
म्हणून दार सोडून जायचं? युरोपीय संघाच्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टचं कलम ४० बघा. पात्र संशोधकांना डेटा देणं मोठ्या कंपन्यांवर बंधनकारक केलंय.

अर्धविराम
अर्ज जरूर करावा. पण प्रबंधाचं एक प्रकरण त्या डेटावर ठेवा, चार नकोत.

उंबरठा
माझी तीन आहेत. बदलायला आता वेळ नाही.