मदत हवी आहे: रेसिपीत ३५० लिहिलंय, माझ्या ओव्हनवर ३५० नाहीच!

टिकली: अर्जंट आहे, प्लीज पटकन सांगा. उद्या फराळाला बारा माणसं येतायत आणि नानकटाई करायचीये. ताईच्या रेसिपीत "३५० वर १५ मिनिटं" एवढंच आहे. माझ्या ओव्हनवर ३५० नाहीच. किती ठेवू? ताईकडे आत्ता पहाट आहे, फोन उचलत नाहीये. काल एक ट्रे लावला होता सगळ्यात जास्तवर, तर खालून काळ्या आणि मध्ये कच्चं पीठ, एवढं चांगलं तूप वाया गेलं.

खमंग: ताई अमेरिकेत असणार, ते फॅरनहाइट आहे. ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा. ३१८ गुणिले ५ म्हणजे १५९०, भागिले ९, आले १७७. काटा १८० च्या किंचित अलीकडे ठेवा.

टिकली: अहो १८० पण नाहीये!!

बेकरवाडी: ओटीजी, म्हणजे रॉडवाला छोटा विजेचा ओव्हन आहे, का कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह? फॅन असेल तर २० अंश कमी करायचे, म्हणजे १६०. ओटीजी असेल तर दोन्ही रॉड चालू ठेवून आधी दहा मिनिटं तापवून घ्या.

माजघर: ओव्हनचा नाद सोडा. कुकरच्या तळाशी जाड मीठ पसरा, शिट्टी आणि रिंग काढा, वर स्टँड ठेवून ताटली ठेवा. मी पंचवीस वर्षं अशीच करते, कधी बिघडली नाही.

बेकरवाडी: माजघर, कुकरमध्ये एका वेळी सात-आठ बसतात. बारा माणसांची नानकटाई करायला त्यांना रात्रभर जागावं लागेल.

माजघर: जागू दे की, दिवाळी आहे. आणि चव बघा एकदा, मग बोला.

मापात: अमेरिकन रेसिपी असेल तर कप पण तपासा, त्यांचा कप २४० मिलीचा असतो. आपल्या घरातला चहाचा कप घेऊ नका. लोणी "एक स्टिक" लिहिलं असेल तर ते ११३ ग्रॅम.

टिकली: मापं मी वाट्यांनीच घेते, तो प्रश्नच नाहीये. नॉबवर फक्त १ ते ९ आकडे आहेत. काल ९ वर होतं.

पाऊसपाणी: थांबा. तुम्ही इंग्लंडात आहात का? आणि ओव्हन गॅसचा आहे?

टिकली: हो, लेस्टर. घरमालकाचा जुना गॅसचाच आहे, त्याने काय फरक पडतो?

पाऊसपाणी: त्यानेच सगळा फरक पडतो, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! ते आकडे म्हणजे गॅस मार्क. १ म्हणजे २७५ फॅरनहाइट आणि पुढे प्रत्येक आकड्याला २५ वाढवत जायचं, म्हणून ३५० म्हणजे ४. तुमचं ९ म्हणजे ४७५, सेल्सिअसमध्ये जवळपास २४५, तेवढ्यावर नानकटाई जळणारच. आणि या ओव्हनमध्ये वरचा कप्पा जास्त तापतो, खालचा कमी. मार्कचा आकडा मधल्या कप्प्याचा धरतात. ट्रे मध्येच ठेवा.

खमंग: म्हणजे ४. मी १८० सांगितलं ते बरोबरच होतं.

पाऊसपाणी: केकला ४ ठीक. नानकटाईला मी ३ च ठेवते, आमच्या बर्मिंगहॅमच्या घरी तसाच ओव्हन होता. ४ वर कडा तांबूस होतात, ती पांढरट राहायला हवी.

बेकरवाडी: हलका रंग आल्याशिवाय खमंगपणा येत नाही, मी ४ च म्हणेन. पण ताटलीत काढायची घाई करू नका, गरम असताना मऊच लागते, गार झाली की खुसखुशीत होते.

माजघर: तूप पातळ घेतलं होतं का? रवाळ घ्या, हाताने पांढरं होईपर्यंत फेसा, नाहीतर ट्रेमध्ये पसरते. आमच्या लहानपणी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून बेकरीत घेऊन जायचो, भट्टीतून पत्रे निघाले की गल्लीभर वास. आमचा डबा ओळखू यावा म्हणून आई झाकणाला लाल दोरा बांधायची.

मापात: आमच्याकडे डब्यावर नाव रंगवलेलं असायचं!

टिकली: आधी चारच लावून बघितल्या, मार्क ३, मधला कप्पा, १८ मिनिटं. वरून भेगा पडल्यात, खालून बदामी, मधून कोरड्या. उरलेलं पीठ आता लावतेय. तूप पातळच होतं काकू, आत्ता वाटी फ्रिजमध्ये ठेवलीये, किती वेळ ठेवू?

माजघर: पाऊण तास. दगड होऊ देऊ नकोस, बोट रुतलं पाहिजे.